मुक्कामी ट्रेकचा शेवटचा दिवस : तुमचे प्रश्न

दिवाळी झाली की पाठीवर बिऱ्हाड घेऊन दोन-तीन मुक्काम करणाऱ्यांची पत्रं वाढतात. या वेळी त्यांत शेवटच्या दिवसाचे प्रश्न बरेच निघाले, म्हणून हे सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. शेवटचा दिवस सोपा असं धरून चालणाऱ्यांना काही उत्तरं कडक वाटतील.

प्रश्न : रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असं करत हरिश्चंद्रगडावर शेवटचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी टोलार खिंडीने खिरेश्वरला उतरून खुबी फाट्यावर कल्याणची एसटी पकडायची. आम्ही सहा जण आहोत. गडावरून किती वाजता निघावं यावर एकमत होत नाही. काही जणांना सकाळी कोकणकडा पाहायचा आहे. (ठाणे)

उत्तर : एसटीच्या वेळेपासून मागे मोजत या. समजा तुम्हाला साडेचारला खुबी फाट्यावर उभं राहायचं आहे. खिरेश्वर ते फाटा पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून साधारण पाच किलोमीटर, म्हणजे दमलेल्या पायांना सव्वा तास. तेव्हा गावातून सव्वातीनला निघायला हवं. जेवण, हातपाय धुणं आणि कपडे बदलणं यात तास जातो, त्यामुळे गावात सव्वादोनला पोहोचा. गडावरच्या मंदिरापासून गावापर्यंत सॅकसह चार तास धरा. हिशोब सव्वादहावर आला. यात कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा चष्मा पडला, वाट चुकली, यासाठी सवा तास घाला. म्हणजे नऊला सॅक पाठीवर हवी. तंबू आवरून, नाश्ता करून निघायला सहा जणांना दीड-दोन तास लागतात, तर सातच्या आत सगळे उठलेले हवेत.

‘चार तास जास्त होतात’ असं गटातला कुणीतरी म्हणेलच. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नायस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे : दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. उतरणीसाठी त्यात पुढे एरिक लँगमुइर या ब्रिटिश गिर्यारोहकाची दुरुस्ती आली. सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं कमी करायची, तीव्र उतार असेल तर उलट दहा मिनिटं वाढवायची. म्हणजे उतरण नेहमी वेळ वाचवते असं नाही, आणि हेच लोकांच्या लक्षात येत नाही. शिवाय हा हिशोब तंदुरुस्त, हलक्या ओझ्याच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. दहा-बारा किलोची सॅक आणि आधीच्या दिवसांचा थकवा असेल तर सह्याद्रीत आलेल्या आकड्याची दुप्पट करावी.

या वाटेला आणखी एक खोड आहे. मंदिराकडून निघाल्यावर लगेच उतार लागत नाही. आधी एकामागून एक टेकड्या चढ-उतार करत पार कराव्या लागतात, मग खिंडीच्या वरचा रेलिंग लावलेला कातळटप्पा येतो. आज फक्त उतरायचं आहे असं मनाशी धरून निघालेला माणूस या टेकड्यांवरच वैतागतो. रेलिंगच्या टप्प्यावर रविवारी खालून चढणाऱ्यांची गर्दी असते. एका वेळी एकानेच उतरायचं, दोघांत अंतर ठेवायचं. सहा जणांना वीस मिनिटं तरी लागतात आणि समोरून मोठा गट आला तर अर्धा तास. काठ्या आधीच सॅकला बांधा. रेलिंग धरायच्या हातात काठी अडकलेली असणं धोक्याचं. टोलार खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, तिथे सगळे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. खिंडीतून एक वाट उत्तरेला कोथळ्याकडे जाते, खिरेश्वरची दक्षिणेला उतरते. गप्पांच्या नादात पुढच्याने चुकीची वाट धरली तर तो वेगळ्या जिल्ह्यात उतरतो.

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. तो पाहायचा तर आदल्या दिवशी सूर्यास्ताला. सकाळी मंदिरापासून जाऊन-येऊन रेंगाळण्यात तास-सव्वा तास सहज जातो. गडाच्या तारामती शिखरावर सूर्योदय हवाच असेल तर दोन तास वेगळे काढा आणि उठायची वेळ तेवढी अलीकडे घ्या. निघायची वेळ पुढे ढकलू नका.

पाणी माणशी किमान अडीच लिटर भरून निघा, मार्चनंतर साडेतीन. पावसाळ्यानंतर या उतरणीवर भरवशाचं पाणी नाही. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी कापडातून गाळा, क्लोरीनची गोळी टाका आणि पाकिटावर लिहिलेला वेळ, बहुधा अर्धा तास, थांबा. हे काम आदल्या रात्रीच करून ठेवलं तर सकाळी कुणी घाईत तसंच पाणी पीत नाही.

आणि कुणाला ताप, जुलाब किंवा पायाचं दुखणं असेल तर आदल्या रात्रीच बेत बदला. पाचनईची वाट सोपी आणि छोटी आहे, दोन-अडीच तासांत गाव येतं. पुढची गाडी राजूरच्या बाजूने शोधावी लागेल, पण आजारी माणसाला टोलार खिंडीतून ओढत नेण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : चढताना मला काही होत नाही. शेवटच्या दिवशी उतरताना मात्र गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला कळ येते आणि पायाच्या अंगठ्याची नखं काळी पडतात. वय ४६. गुडघ्याला पट्टा बांधू का? (सातारा)

उत्तर : चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत असताना ब्रेक लावत असतो. हे काम श्वासाला हलकं पण स्नायूच्या तंतूंना जड. त्यामुळे दम लागत नाही, आपण वेग वाढवतो, स्नायू थकतो आणि मग प्रत्येक पावलाचा दणका थेट गुडघ्याच्या वाटीमागे बसतो. शेवटच्या दिवशी आधीच्या दिवसांचा थकवा त्यात जमा असतो. पट्ट्याने आधार वाटतो, पण मूळ कारण हलत नाही.

करायचं ते असं. पावलं छोटी टाका, नेहमीच्या निम्मी. उंच पायरीवरून उडी मारू नका, आडवं वळून बाजूने उतरा. गुडघा कधीही पूर्ण ताठ ठेवून टेकवू नका, थोडा वाकलेला हवा. घाबरून मागे रेललात तर टाच घसरते आणि माणूस पाठीवर पडतो. वजन पावलाच्या बरोबर वर हवं. घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या उतारावर) आणि वाळलेल्या गवतावर हे जास्त जपावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत लोळलेलं गवत पावसातल्या शेवाळाइतकंच निसरडं असतं, फक्त दिसायला निरुपद्रवी.

दोन काठ्या वापरा. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतरणीवर त्याहून पाच ते दहा सेंटीमीटर जास्त. काठी पावलाच्या आधी खाली टेकली पाहिजे, तरच भार हातावर जातो. बरेच जण ती नुसती बरोबर वागवतात. गावातून घेतलेली खांद्याएवढी बांबूची काठीही चालते.

सॅककडेही बघा. शेवटच्या दिवशी शिधा संपल्याने ती हलकी होते आणि आतलं सामान सैल पडतं. बाजूचे पट्टे ओढून घेतले नाहीत तर प्रत्येक पायरीला ती मागून ढकलते. जड वस्तू पाठीलगत ठेवा, कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बांधा.

काळ्या नखांचं कारण बहुधा बुटाच्या नाडीत असतं. उतरताना पाऊल पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि नखाखाली रक्त साकळतं. उतरण सुरू होण्याआधी पाच मिनिटं थांबा. टाच जमिनीवर आपटून पाऊल मागे सरकवा, बोटांवरची नाडी सैल ठेवा आणि घोट्याच्या वळणापाशी घट्ट आवळून तिथे दोनदा पीळ द्या, म्हणजे तो घट्टपणा पुढे उतरत नाही. ट्रेकला निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा. बूट विकत घेताना नाडी सोडून पाऊल पुढे सरकवलं की टाचेमागे एक बोट मावायला हवं.

वेदनाशामक गोळी उपाशीपोटी आणि पाणी कमी प्यायलेल्या अंगात घेऊ नका, विशेषतः आयब्युप्रोफेन. मूत्रपिंडावर ताण येतो. गुडघा अडकत असेल, ‘कट्’ असा आवाज होऊन लगेच सुजला असेल किंवा त्यावर वजनच टाकता येत नसेल तर तो थकवा नाही. चालणं थांबवून मदत मागवा. घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखल्या तर घाबरू नका, ते दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतं आणि आपोआप ओसरतं. घरी जिन्याच्या पायरीवरून एका पायाने सावकाश उतरण्याचा व्यायाम प्रत्येक पायाला १० ते १५ वेळा, आठवड्यातून तीनदा, ट्रेकच्या दीड महिना आधी सुरू केलात तर फरक जाणवेल.

प्रश्न : बूट फक्त तीन-चार वेळा वापरलेले. कपाटात जपून ठेवले होते. तरी उतरताना एकाचा सोल पूर्ण निघाला. कंपनीला दोष द्यायचा का? (पुणे)

उत्तर : जपून ठेवल्यानेच निघाला असण्याची शक्यता मोठी. अनेक ट्रेकिंग बुटांत खालचा रबर आणि वरचा बूट यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होतो, बूट वापरात नसला तरी. कोकणात आणि मुंबईत हे लवकर होतं. पाच-सहा वर्षांपूर्वीचा बूट असेल तर ट्रेकच्या आठवडाभर आधी घालून दोन-तीन तास जिने चढा-उतरा. मधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबलं आणि तो भुगा झाला किंवा भेगाळला, तर तो बूट घेऊन निघू नका.

वाटेत निघाल्यास सोल फेकू नका. बुटाला परत लावून रुंद चिकटपट्टीचे तीन वेढे चवड्याभोवती आणि दोन वेढे पावलाच्या मधल्या खोलगट भागातून घोट्यावर असे द्या. नुसते चवड्याभोवती दिलेले वेढे अर्ध्या तासात झिजून तुटतात. त्यावर सुतळी किंवा जाड नाडी आडवी-उभी बांधा, गाठ वरच्या बाजूला. दोन-तीन मीटर चिकटपट्टी पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून नेली की वेगळी जागा लागत नाही. एकाच बुटाचा सोल गेला आणि तो बांधता येत नसेल तर दोन्ही पायांची उंची वेगळी होऊन पाय मुरगळतो. तेव्हा दोन्ही पायांत मुक्कामाच्या सॅंडल घाला. सपाट स्लिपर मात्र नको.

नंतर चिकटवायचा तर झटपट सुकणारा गोंद वापरू नका, तो कडक होऊन वाकताना तडकतो. दोन्ही पृष्ठभाग घासून, रबरी चिकटद्रव्याचा पातळ थर दोन्हीकडे देऊन, दहा-पंधरा मिनिटांनी दाबून रात्रभर वजनाखाली ठेवा. मधला थरच भुगा झाला असेल तर चिकटवणं व्यर्थ आहे, चांभाराकडून किंवा कंपनीकडून सोल बदलून घ्यावा लागेल.

प्रश्न : उतरताना वाट हरवली. खाली गाव दिसत होतं, म्हणून कोरड्या ओढ्याने सरळ उतरलो आणि कड्यावर येऊन अडकलो. पाणी गावाकडेच जातं ना? मग चुकलं कुठे? (नाशिक)

उत्तर : पाणी गावाकडे जातं हे खरं, पण ते कड्यावरून उडी मारून जातं. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या या थरांत काही कठीण, काही भुसभुशीत. कठीण थराचा उभा कातळ उरतो, भुसभुशीत थराची झीज होऊन सपाट पदर तयार होतो. म्हणून बाजूने पाहिलं तर इथला डोंगर जिन्यासारखा दिसतो. ओढा हा जिना सरळ कापत जातो, त्यामुळे दर पायरीच्या टोकाशी त्याचा धबधबा होतो. हिवाळ्यात पाणी नसतं आणि वरून ती उडी दिसत नाही. पहिला सात-आठ फुटांचा टप्पा माणूस घसरत उतरतो, दुसराही उतरतो, तिसरा दीडशे फुटांचा निघतो आणि मागचे दोन आता चढता येत नाहीत. अडकण्याची बहुतेक प्रकरणं अशीच घडतात.

माणसांची वाट वेगळी चालते. ती पदरातून बऱ्याच अंतरापर्यंत आडवी जाते, कातळात जिथे खिंड, नाळ (कड्यातली अरुंद, उभी घळ) किंवा डोंगराची उतरणारी सोंड सापडते तिथूनच खालच्या पदरात उतरते. गाव डावीकडे दिसत असताना वाट उजवीकडे चालली तर तिच्यावर विश्वास ठेवा. (काही नाळांतून खरोखर वाटा आहेत, पण त्या माहीतगारासोबत आणि दोरासह करायच्या असतात. अंदाजाने उतरायच्या नसतात.)

ढोरवाट ओळखायची खूण अशी : कमरेपर्यंत मोकळी, छातीच्या वर फांद्या मिटलेल्या, आणि थोड्या अंतरावर तिला चार फाटे फुटून ती गवतात विरते. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीवर कोयत्याने छाटलेल्या फांद्या दिसतात, दगडांच्या कडा बुटांनी गुळगुळीत झालेल्या असतात, अवघड जागी कुणीतरी पायरीला दगड रचलेला असतो.

दहा मिनिटं खात्रीची खूण दिसली नाही की थांबा. सगळ्यांनी भटकायचं नाही. आलेल्या वाटेने शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत परत चढा. दमलेल्या माणसाला परत चढणं नको असतं आणि तिथेच चूक पक्की होते. ‘खाली पुढे वाट मिळेलच’ हे वाक्य गटात कुणी उच्चारलं की लीडरने ते खोडायचं. मोबाईलमध्ये वाटेचा नकाशा उतरवून ठेवला असेल तर तो मुख्य वळणांवर पाहा, हरवल्यावर पहिल्यांदा उघडू नका. दरीत उपग्रहाचा ठिपका कधी कधी पन्नास मीटर सरकतो आणि कड्याच्या काठावर पन्नास मीटर म्हणजे खूप झालं.

अडकलातच तर जागा सोडू नका. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. अंधारात टॉर्चने तसेच सहा झोत. मदतीला येणारा मिनिटात तीनने उत्तर देतो. फोन ११२ ला करा, ज्या नेटवर्कचे सिग्नल असतील त्यावरून तो लागू शकतो. गड, कुठल्या गावाकडे उतरत होतात, किती जण, जखम काय आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश एवढं सांगून फोन ठेवा. बाकीच्यांचे फोन बंद करून बॅटरी वाचवा. हेडटॉर्च शेवटच्या दिवशीही सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. दुपारी पोहोचणार म्हणून ती तळाशी टाकलेली असते आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झाडीत त्याच्याही आधी काळोख होतो.

प्रश्न : गॅसचा छोटा कॅनिस्टर अर्धा उरतो. परत येताना लोकलने आणला तर चालतो का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. रेल्वेत ज्वलनशील गॅस नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि जमा करायच्या बॅगेतही नाही. एसटीतही आणू नका. जाताना जो नियम तोच येताना. खासगी गाडी नसेल तर स्वयंपाकाचा नादच सोडावा. हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे सरपण तोडून चूल मांडणं हा पर्याय नाहीच. आधी सांगून ठेवलं तर वाडीत जेवण मिळतं. गाडी असेल तर निघताना कॅनिस्टरचं वजन करून त्यावर मार्करने लिहा. लिटरभर पाणी उकळायला वारा अडवून साधारण १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो, यावरून किती न्यायचा ते आधीच कळतं आणि अर्धा उरत नाही.

प्रश्न : पहाटेच्या दवाने तंबू चिंब होतो. वाळवत बसलो तर निघायला उशीर, ओला बांधला तर वास येतो. (कोल्हापूर)

उत्तर : ओलाच बांधा, पण बाहेरचं कापड आणि आतलं वेगळं. आतून कोरडा भाग ओल्याला लागला की दोन्ही गेले. आधी बाहेरचं कापड दोघांनी धरून झटका, मग सुती फडक्याने पुसून घ्या. एवढ्याने बरंच पाणी जातं. ते पिशवीत घालून सॅकच्या बाहेर बांधा आणि दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर अर्धा तास पसरा. घरी आल्यावर त्याच रात्री उघडा. ‘उद्या बघू’ म्हणून दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवलेल्या तंबूवर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. आतला जलरोधक लेपही ओलीने चिकट होऊन सुटतो. सावलीत, पंख्याखाली, शिवणी पूर्ण सुकेपर्यंत वाळवा. वॉशिंग मशीन नको. खांब मोडताना टोकाकडून नव्हे, मधल्या सांध्यापासून दुमडा, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर ताण सारखा राहतो. पुढच्या वेळी तंबू दरीच्या काठावर किंवा पाण्याजवळ न लावता झाडाखाली, थोड्या उंच जागी लावून पाहा, दव बरंच कमी पडतं. आग्या मोहोळ असलेलं झाड मात्र टाळा.

प्रश्न : खाली उतरल्यावर ज्या घरी जेवतो तिथे कचरा ठेवून आलं तर चालेल ना? पैसे तर आपण देतोच. (मुंबई)

उत्तर : वाडीत कचरा न्यायला गाडी येत नाही. तुमची प्लॅस्टिकची पाकिटं मागच्या परसात जाळली जातात. ती शहरात आणा. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा, माणसं आणि वेळ नेमकी सांगा. आठ जणांचं पिठलं-भाकरी सांगून पाच जण पोहोचलात तरी पैसे आठांचे द्या, भाकऱ्या थापल्या गेलेल्या असतात. सुट्या नोटा ठेवा, रेंज नसेल तर मोबाईलने पैसे जाणार नाहीत. एप्रिल-मेमध्ये अंघोळीला पाणी मागू नका. त्या घरातल्या बाईने ते डोक्यावरून आणलेलं असतं.

प्रश्न : आम्ही गाडीने जातो. रविवारी संध्याकाळी उतरून रात्रीतच परत यायचं की मुक्काम वाढवायचा? (अहिल्यानगर)

उत्तर : कोण चालवणार आहे त्यावर ठरवा. तंबूत तीन रात्री अर्धवट झोप, दिवसभर उन्हात उतरण आणि मग पोटभर जेवण, यानंतर चालकाला डुलकी येणं जवळपास ठरलेलं. चहाने ती तासभर लांबते, जात नाही. काच खाली करणं आणि मोठ्याने गाणी लावणं यांचा उपयोग त्याहून कमी. दोन चालक असतील तर दर दीड तासाला बदला. एकच असेल तर त्याला शेवटच्या रात्री पहाऱ्याला किंवा चुलीपाशी बसवू नका, त्याची सॅक उतरणीवर हलकी करा आणि जेवणाआधी गावात तासभर झोपू द्या. जागा झाल्यावर त्याला लगेच गाडीत बसवू नका, पंधरा-वीस मिनिटं चालू-बोलू द्या. एवढं करूनही तो जांभया देत असेल तर मुक्काम वाढवा आणि सोमवारी पहाटे पाचला निघा. त्या वेळी घाटरस्त्यांवर रविवार संध्याकाळची गर्दी नसते, फक्त पावसाळ्यात धुकं दाट असतं आणि दरडीची बातमी आधी विचारून घ्यावी लागते.